एसटीच्या बोर्डावरून जोडाक्षरं: घरी शिकवताना पुस्तक आणि मुलाची आवड एकत्र कशी बसवायची

मुलाला घरीच शिकवतो असं सांगितलं की दुसरं वाक्य ठरलेलं असतं, "मग पुस्तकं घेता का तो म्हणेल तसं?" गेली दोन वर्षं मी याचं उत्तर देतेय, आणि पहिलं वर्षभर मला स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं. एक महिना पुस्तक, मग कंटाळा, रडारड, मग एक महिना सगळं सोडून "त्याला हवं ते करू दे", मग माझ्या पोटात गोळा की याला अजून वेलांटी येत नाही, मग परत पुस्तक. असं झोके घेत ते वर्ष गेलं. आता जे जमलंय ते इथे सविस्तर लिहिते, कारण चार ते आठ वयाची मुलं असणाऱ्या बऱ्याच आया मला हेच विचारतात आणि फोनवर अर्ध्या तासात सांगून होत नाही.

आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, आम्ही पुण्यात राहतो आणि मुलाला एसटीचं वेड आहे. बसचं नाही हं, एसटीचंच. पीएमपीएमएलच्या सिटी बसकडे तो ढुंकून बघत नाही. लाल एसटी, तिचा बोर्ड, तिचा डेपो, तिचा नंबर, कंडक्टरची ती पंच करायची टिकटिक. तुमच्या घरी कदाचित मुंग्या असतील, डायनोसॉर असतील, स्वयंपाक असेल, गणपती असतील. पुढे मी सगळं एसटीवरूनच सांगणार आहे, तुम्ही त्या जागी तुमचं घाला.

आधी दोन ढीग करा

लहान मुलांना शिकवायचं जे जे असतं त्याचे मी दोन ढीग केले. पहिल्या ढिगात फक्त अशा गोष्टी ज्यांना पायऱ्या आहेत आणि मधली पायरी गाळली तर मूल अडकतं. काना-मात्रा पक्की नसेल तर जोडाक्षर वाचता येत नाही, दशक-एकक कळलं नसेल तर हातच्याची बेरीज म्हणजे नुसती जादू वाटते, त्याला उत्तर येतं पण का आलं ते कळत नाही. तर वाचन, लेखन आणि संख्या, एवढंच पहिल्या ढिगात. दुसऱ्या ढिगात बाकी सगळं: नद्या, झाडं, शरीर, इतिहास, गावं, पैसे, हवामान, चित्र, गाणी. यांना क्रम लागत नाही. कुठूनही सुरू केलं तरी चालतं, आज नदी आणि उद्या हाडं असं झालं तरी काही बिघडत नाही.

पहिला ढीग पुस्तकाकडे, दुसरा ढीग आवडीकडे. हे एवढं वेगळं केलं आणि माझं निम्मं टेन्शन गेलं, कारण आधी मी परिसर अभ्याससुद्धा धडा एक, धडा दोन करून शिकवत बसायचे आणि दुसरीकडे वाचन मात्र "आवड निर्माण झाली की येईल" म्हणून सोडून दिलं होतं, म्हणजे अगदी उलट.

पहिल्या ढिगाला आम्ही रोज सकाळी नाश्ता झाल्यावर वेळ देतो, वाचन-लेखन २५ मिनिटं, मग पाणी वगैरे पिऊन गणित २० मिनिटं. रविवारी सुट्टी. साडेसहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं, खरंच पुरतं, कारण समोर एकच मूल असतं आणि तुम्ही शेजारी बसलेले असता. शाळेत चाळीस मुलांमध्ये एका मुलाच्या वाट्याला वाचायची पाळी किती वेळा येत असेल याचा विचार करा. जागा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, म्हणजे "आज करायचं का" हा वाद रोज नव्याने होत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र या सकाळच्या वेळेत बसवू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ हा सगळा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळावरच भर आहे, त्यामुळे चौथ्या वर्षी बाराखडी लिहून काढायची काहीच घाई नाही. आमची मुलगी त्या वेळात शेजारी बसून मटार सोलते, पीठ मळते, चिंचोके एका डब्यातून दुसऱ्या डब्यात घालते. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. मोठ्याच्या वेळी मला हे माहीत नव्हतं, त्याला साडेचार वर्षांचा असताना मी दुरेघी वही घेऊन बसवलं होतं आणि त्याच्या हाताला घाम यायचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन आठवडे फक्त बघा

आवडीवरून शिकवायचं तर आधी खरी आवड कोणती ते कळलं पाहिजे, आणि इथे आपण फार घाई करतो. मुलाने एकदा दुर्बीण मागितली की आपण आकाशावरची चार पुस्तकं ऑर्डर करतो. दोन आठवडे काही विकत घेऊ नका, काही सुचवू नका, फक्त एका छोट्या वहीत लिहा. तो न सांगता कशाकडे परत परत जातो, कशाबद्दल लागोपाठ प्रश्न विचारतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात पक्की खूण म्हणजे तो कशात तुमची चूक काढतो. मी एकदा "ती बघ शिवनेरी" म्हटलं तर हा म्हणाला, "आई ती शिवशाही आहे, शिवनेरीला पुढे वेगळं असतं." तेव्हा मला कळलं की हा नुसता बस बघत नाहीये, हा फरक लक्षात ठेवतोय, तुलना करतोय, म्हणजे अभ्यासच करतोय.

मोबाईलवर जे बघायला आवडतं ते वहीत वेगळ्या पानावर लिहा. मोबाईल बंद झाल्यावरही तो तो विषय खेळात आणतो का बघा. आणला तर आवड, नाहीतर ती फक्त मोबाईलची ओढ.

आधी घडू द्या, टिक मागून करा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बहुतेक जण काय करतात, पुस्तकातला धडा घेतात आणि त्याला आवडीचा रंग लावतात. धडा पाण्याचा आहे का, मग "चला बसला पाणी लागतं का बघू". मुलांना हे लगेच कळतं. माझं उलट आहे. मी दिवस घडू देते आणि रात्री बघते की आज जे झालं ते पुस्तकात कुठे बसतं.

करायचं असं. बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातली फक्त अनुक्रमणिका आणि प्रत्येक विषयात काय यायला हवं ती पानं प्रिंट काढा. त्यातून मी माझ्या शब्दांत एक तक्ता केला, छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एकच गोष्ट: "१०० पर्यंत चढता क्रम", "उकार असलेले शब्द वाचतो", "घरातल्या मोठ्यांना विचारून माहिती आणतो", असं. तो तक्ता कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलाय. आतल्या बाजूने मुद्दाम, कारण तो माझा आहे, मुलाचा नाही, त्याला रोज समोर दिसला की तो विचारणार "हे कधी होणार".

रात्री मुलं झोपली की दहा मिनिटं मी वहीत दिवस लिहिते, अगदी त्रोटक. "स्टँडवर गेलो. कराड, सांगली वाचलं. विचारलं घाटात गाडी हळू का. आजीशी तिकिटावरून बोलला." रविवारी वही आणि तक्ता समोर ठेवून टिक करते. मदतीने जमलं तर अर्धी टिक, एकट्याने दोन-तीन वेळा जमलं तर पूर्ण. पहिल्या महिन्यात मी तक्ता उघडला तर परिसराचे अर्ध्याच्या वर चौकोन आपोआप भरलेले होते आणि मी एकही धडा शिकवला नव्हता.

आणि जो चौकोन महिनाभर रिकामा राहतो तो सोमवारपासून सकाळच्या वेळात जातो, साध्या सरळ पुस्तकाने. पुस्तकाचं काम एवढंच, आवडीतून काय सुटतंय ते दाखवायचं आणि ती फट बुजवायची.

बोर्डावरून वाचन

वाचनाला पायऱ्या आहेत म्हणून ते पहिल्या ढिगात घातलं, पण पायरी पुस्तकाची आणि शब्द त्याचे असं करता येतं. हे मला अपघातानेच कळलं. स्वारगेटला सासूबाईंना साताऱ्याच्या गाडीत बसवायला गेलो होतो, गाडी लागायला उशीर होता, आणि हा एकेका बोर्डावर बोट दाखवून "हे काय लिहिलंय" विचारत होता. घरी आल्यावर मी गावांची नावं कागदावर मांडली आणि चाटच पडले, कारण आपल्या गावांच्या नावांत अख्खी बाराखडी क्रमाने लावून ठेवल्यासारखी आहे.

नगर, यात काना नाही मात्रा नाही. कराड, सातारा, यात फक्त काना. बारामती, दीर्घ वेलांटी. पुणे, उकार आणि मात्रा दोन्ही. सांगली, अनुस्वार. पंढरपूर, अनुस्वार आणि दीर्घ उकार. मग कोल्हापूर, स्वारगेट, अक्कलकोट, महाबळेश्वर, ही जोडाक्षरं, आणि त्यातही चार वेगळ्या जातींची: ल्हा, स्वा, क्क, श्व. इचलकरंजी तर त्याने जवळजवळ बक्षीस मिळाल्यासारखं वाचलं, एवढं लांब आणि तरी सगळं येणारं.

मग सकाळच्या २५ मिनिटांत मी पुस्तकातली पायरी घ्यायचे, म्हणजे या आठवड्यात काना तर काना, पाटीवर पुस्तकातलेच शब्द, आणि शेवटची पाच मिनिटं त्या पायरीवरची दोन-तीन गावं. दर गुरुवारी संध्याकाळी स्टँडवर अर्धा तास. तिथे मी काहीही विचारायचे नाही. त्याने वाचलं तर वाचलं. जे बोर्ड त्याला येत नव्हते ते तो सोडून द्यायचा आणि चार आठवड्यांनी आपणहून त्यावर परत यायचा, "आई हे कोल्हापूरच आहे ना, मी ओळखलं." पुस्तकात जोडाक्षराचं पान आलं तेव्हा त्याला ते नवीन नव्हतंच, "हे तर स्वारगेटमधलं" म्हणाला आणि पुढे गेला.

लिहिण्याचंही तसंच. बोर्ड रंगवायला त्याला कोणी सांगितलं नाही, खोक्याचा पुठ्ठा कापून तो रोज नवीन बोर्ड करतो, कारण त्याच्या गाडीला आज कुठेतरी जायचं असतं. त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. मी तिथे दुरुस्त करत नाही, वहीत टिपून ठेवते आणि तीन-चार दिवसांनी सकाळी पाटीवर ती वेलांटी घेते. बोर्ड त्याचा आहे.

इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होऊ नये. बोर्डाचं एवढं छान चाललंय म्हटल्यावर मी एका रात्री बसून ऐंशी गावांची कार्डं केली, रंगीत, मागे चित्र, आणि दुसऱ्या दिवशी तो जमिनीवर खुर्च्या लावून एसटी एसटी खेळत होता तिथे घेऊन गेले. "चला, कंडक्टर, हे गाव वाचा बरं." त्याने दोन वाचली. तिसऱ्याला खुर्च्या उचलून ठेवल्या. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे घरात एसटी चालली नाही आणि स्टँडवर जायचं का विचारलं तर नको म्हणायचा. मी घाबरले. ती कार्डं माळ्यावर टाकली, विषय काढला नाही, आणि एक दिवस छोटीने खुर्च्या मांडल्या तेव्हा तो परत आला.

तेव्हापासून नियम केला की त्याच्या खेळात आपण शिरायचं नाही. बोलावलं तर प्रवासी म्हणून बसायचं, तिकीट मागायचं, उतरायचं. आवड त्याची आहे, आपण तिच्याभोवती काय काय ठेवता येईल तेवढं बघायचं, म्हणजे जुनं वेळापत्रक भिंतीला लावून ठेवणं, रिकामी तिकीटं साठवून डब्यात ठेवणं, नकाशा खालच्या फळीवर ठेवणं. त्याने हात लावला तर लावला, महिनाभर नाही लावला तर उचलून दुसरं ठेवायचं. आणि आवडीचा एक भाग असा असू द्या जो तुम्ही कधीच कशालाही वापरणार नाही. आमच्याकडे तो झोपायच्या आधीचा आहे, तो अंथरुणात एका काल्पनिक गाडीचा अख्खा प्रवास बोलतो, थांबे, पंक्चर, चहा, सगळं. मी ते लिहूनसुद्धा ठेवत नाही.

तिकीट आणि आकडे

मराठी आकडे मुलांना अवघड जातात आणि त्याचं कारण आपल्या नावांत आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९. यात मुलाचा ढिसाळपणा नसतो, ते कानाने ऐकलेलं बरोबर लिहीत असतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचायची पद्धत जुन्या नावांबरोबर दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. माझं मत सांगते, जुनी नावं सोडायची गरज नाही पण नवीन पद्धत कुबडी म्हणून फार उपयोगी आहे. आम्ही तीन महिने दोन्ही म्हटलं, "वीस आणि पाच, पंचवीस", दहा-दहा काड्यांच्या जुड्या हातात घेऊन, आणि मग "वीस आणि पाच" आपोआप गळून गेलं.

मोठे आकडे मात्र त्याने गाड्यांवरून उचलले. गाडीचा चार आकडी नंबर तो एकेक आकडा वाचायचा, मग एकदा बाबाने "दोन हजार पाचशे सदतीस" म्हटलं आणि याला ते इतकं भारी वाटलं की पुढचा आठवडाभर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हजार-शे लावत होता. पुस्तकात हजार अजून यायचे होते. येऊ दे की. तक्त्यात पुढच्या इयत्तेचा चौकोन आधी भरला तर भरू द्या, मागे ओढू नका. त्याच नादात त्याने एक दिवस विचारलं की एवढ्या एसटींवर एमएच १४, एमएच २० आणि एमएच ४० च का असतं. मला माहीत नव्हतं, मग शोधलं, तर एसटीच्या बॉडी बांधायच्या तीन मोठ्या कार्यशाळा आहेत, पुण्याजवळ दापोडी, संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा, आणि ते त्या त्या भागातले पासिंगचे नंबर. आता गाडी दिसली की तो तिचं "माहेर" सांगतो.

तिकिटाचं गणित तर तयारच मिळतं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं, आणि ७५ वर्षांवरच्या आजीला पूर्ण फुकट. समजा पूर्ण तिकीट १६० रुपये. मी ८०, तो ८०, आजी शून्य. बाबा आला तर? तो म्हणाला, "आई तू आणि मी मिळून एक बाबा होतो." अर्धा म्हणजे काय हे मला चपातीचे तुकडे करून जेवढं समजावता आलं नव्हतं तेवढं या वाक्यात होतं. आणि छोटीला पाच वर्षं पूर्ण झाली नाहीत म्हणून तिचं तिकीट नाही, आजीचं पण नाही, तर दोघी सारख्या कशा, यावर दुपारभर चर्चा चालली होती.

पण एक स्पष्ट सांगते. हातच्याची वजाबाकी आमच्याकडे एसटीतून आली नाही. सुट्टे पैसे परत द्यायच्या खेळातून येईल असं मला वाटत होतं, तर तो मोजत पुढे जातो, १३ वरून २० पर्यंत बोटांवर, वजाबाकी करतच नाही. ती पद्धत चुकीची नाही, उलट दुकानदार तसंच करतात, पण उभी मांडणी त्याला यायला हवी म्हणून मी सरळ पुस्तक, काड्या, चौकटीची वही घेऊन शिकवतेय. गणिताच्या पानावर बसची चित्रं चिकटवत नाही. ज्या गोष्टीला सरळ शिकवणं सोपं आहे ती सरळ शिकवा, वीस मिनिटं मूल बसतं.

बाकीचं जग खिडकीतून

दुसऱ्या ढिगाबद्दल खरं तर फार शिकवायचं नसतं, फक्त प्रवासाला न्यायचं असतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना नीरा लागते आणि तिथे जिल्हा बदलतो, मग खंबाटकीचा घाट, पुढे कृष्णा, मग वेण्णा. पहिल्यांदा गेलो तेव्हा तो फक्त पूल मोजत होता. दुसऱ्यांदा नावं विचारली. घरी येऊन नकाशावर बोट फिरवताना त्याला सापडलं की नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, म्हणजे वाटेत दोन वेगळ्या पुलांवर पाहिलेलं पाणी शेवटी एकच होतं. त्या दिवशी तो जेवताना पण गप्प होता, विचार करत होता. घाटात गाडी का वळत वळत जाते हे आम्ही फळीचा उतार करून खेळण्यातल्या गाडीने बघितलं, सरळ चढ आणि नागमोडी चढ. रस्त्याच्या कडेच्या मैलाच्या दगडांचे रंग, पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, केशरी गावातला रस्ता, हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

इतिहास पण तसाच आला. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली. "म्हणजे आजीच्या आधी का नंतर?" मग आजीला बोलावलं, तिचा जन्म, तिची पहिली एसटी, तेव्हा टपावर काय काय चढवायचे, हे सगळं त्याने तिला विचारलं आणि मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मग नगरच्या बोर्डावर अहिल्यानगर का, यावरून अहिल्याबाई होळकर, त्यांचं जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यात. एकेक धागा असा निघत जातो, आपण फक्त "नंतर सांगते" म्हणून सोडायचा नाही. आत्ता वेळ नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा, त्याच्या समोर लिहा.

कोणी म्हटलं की हे सगळं परदेशातलं फॅड आहे तर त्यांना पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडची गोष्ट सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम करताना बघितलं की मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं चारायला जातात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची ही गोष्ट आपल्या मातीत केव्हापासूनची आहे.

वेड संपलं तर

संपतं. आमच्याकडे मध्ये दोन महिने मुंग्या आल्या होत्या. मी एसटी धरून ठेवायचा प्रयत्न केला नाही, सकाळची ४५ मिनिटं तशीच चालू ठेवली आणि बाकी दिवस मुंग्यांचा झाला. हाच सकाळच्या वेळेचा फायदा आहे, आवड बदलली, पाहुणे आले, मूल आजारातून उठलं, तरी पायऱ्यांचं काम हलत नाही. आणि मधेच असे आठवडे येतात की कशाचंच वेड नसतं, मूल नुसतं लोळतं, "काय करू" म्हणत मागे फिरतं. तेव्हा लगेच क्लास लावू नका. घरातली कामं द्या, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, बाजारात पिशवी धरणं. साधारण दहा-बारा दिवसांत काहीतरी उगवतंच.

दोन मुलांच्या दोन आवडी असतील तर दोघांसाठी वेगळा तक्ता ठेवा पण वही एकच चालते. छोटीला एसटीशी काही घेणं नाही, तिला फक्त प्रवाशांची भांडणं करायला आवडतात. तिच्या पानावर मी "बोलणं, संवाद" लिहिते.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. बालभारतीची पुस्तकं सांगितलीच. त्यांचंच किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला छान. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला पहिल्या पातळीची दोन-दोन ओळींची पुस्तकं प्रिंट काढून द्या. अरविंद गुप्तांच्या साइटवर कचऱ्यातून करायची विज्ञान खेळणी आणि मराठी पुस्तकं आहेत. बाकी पाटी, काड्या, चिंचोके, नकाशा, आणि जवळचं वाचनालय.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात ६ ते १४ वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क आहे आणि घरी शिकवण्याबद्दल स्पष्ट असं काही लिहिलेलं नाही. पण त्याच कायद्यात वयाप्रमाणे इयत्तेत प्रवेश द्यायची तरतूद आहे, त्यामुळे पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर दार बंद होत नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीची परीक्षा घेतं, आणि एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाची, दहावी वयाची १४ वर्षं झाल्यावर देता येते. तोपर्यंत रोजची वही, तक्ता आणि दर महिन्याला त्याच्या हाताने लिहिलेली दोन-तीन पानं एका फाइलमध्ये तारीख घालून ठेवा. नातेवाइकांनी "याला काय येतं" विचारलं की मुलाला समोर उभं करून पाढे म्हणायला लावू नका, ती फाइल दाखवा. माझ्या वडिलांनी सहा महिन्यांपूर्वीचा बोर्ड आणि आत्ताचा बोर्ड शेजारी ठेवून बघितला आणि नंतर कधी विचारलं नाही.

आणि तुम्ही दोघं नोकरी करत असाल तर सकाळची ४५ मिनिटं ऑफिसच्या आधी आणि वही रात्री, एवढं धरून ठेवा, मधला दिवस आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे गेला तरी चालतो, फक्त त्यांना सांगा की याने काय विचारलं ते मला संध्याकाळी सांगा.

आज कपाटाच्या दारावर तीन चौकोन रिकामे आहेत: हातच्याची वजाबाकी, ऋ असलेले शब्द, आणि घड्याळातलं सव्वा-साडे-पावणे. कृष्णा रोज तोंडात आहे पण लिहिताना अजून "क्रुष्णा" होते, तर तो ऋ सोमवारपासून सकाळी घेणार, वजाबाकी तिथे चालूच आहे. घड्याळासाठी गुरुवारी स्वारगेटला वेळापत्रकासमोर जाऊन बसतोय. पावणेपाचला साताऱ्याची गाडी आहे, ती चुकली तर पुढची किती वाजता ते तोच सांगेल.